ज्याचं माणूस पाण्यात आहे

नवीन सभासदांची ओळख करून द्यायचं काम बाईंचं असायचं. बाई शाळेत व्यायामशिक्षिका होत्या. निम्म्या गावाला आपण पोहायला शिकवलं आणि उरलेल्या निम्म्याला पाण्यापासून लांब राहायला, असं त्या स्वतःच हसत सांगायच्या. निवृत्त झाल्यावर त्यांनी नदीकाठचं सेवा मंडळ हातात घेतलं. मंडळाचं काम एकच. नदीत कुणी गेलं की शोधायचं. धरणाच्या खालचं पाणी गढूळ, ओढ मोठी, त्यामुळे जिवंत हाती लागणारे थोडेच. बहुतेक वेळा मंडळाने बाहेर काढलेलं माणूस घरच्यांच्या हवाली करण्यापुरतंच उरलेलं असायचं. पैसे कुणालाच मिळत नव्हते. दातांचे डॉक्टर, रंगारी, दुकानदार असे ज्याला जमेल तो येई.

बसायची जागा म्हणजे बोटींची जुनी शेड. भिंतीला वल्ही टेकवलेली, खुंट्यांवर दोरांची वेटोळी, आणि कितीही वाळवले तरी रबरी सूटांचा ओला, कोंदट वास. त्या रविवारी तिथे खुर्च्या मांडल्या होत्या आणि तीन नवी माणसं समोर उभी होती.

"ह्या शाळेची बस चालवतात," बाईंनी पहिलीच्या खांद्यावर हात ठेवला. "पन्नास पोरं मागे बोंबलत असताना यांचा ब्रेक कधी चुकीचा लागलेला नाही. आपल्याला असंच डोकं हवंय."

बसवाली लाजून हसली. दुसरा बँकेतला कॅशियर होता. त्याच्याबद्दल बाई म्हणाल्या, "हे दिवसभर काचेच्या आत बसतात. यांना जरा हवा लागू द्या." सगळे हसले.

तिसऱ्यापाशी आल्यावर हसणं आपोआप थांबलं. तो बेकरीवाला होता. पन्नाशीचा, रुंद मनगटांचा, आंघोळ करूनही कानामागे पीठ राहिलेला. त्याला ओळखत नाही असं कुणी नव्हतं. गावातले निम्मे लोक सकाळी त्याचाच पाव खायचे. आणि त्याच्या बायकोचं काय झालं, तेही सगळ्यांना माहीत होतं. आदल्या वर्षी पाणी चढलेलं असताना ती पलीकडे बहिणीकडे जायला निघाली. लाकडी साकवावर तिला चढताना चार जणांनी पाहिलं. उतरताना कुणीच पाहिलं नाही. मंडळाने नदी पार खालच्या बंधाऱ्यापर्यंत पिंजून काढली होती, पण ती सापडली नाही. शेवटी शोध थांबवायचा निर्णय बाईंनीच घेतला होता आणि तो बेकरीवाल्याला सांगायलाही त्याच गेल्या होत्या.

"यांची ओळख काय करून द्यायची," बाई म्हणाल्या. "तुम्हीच बोला दोन शब्द. मंडळात का यावंसं वाटलं?"

बेकरीवाल्याने टोपी काढून हातात धरली. "माझी भट्टी सकाळीच उरकते," तो म्हणाला. "दुपार रिकामीच असते."

तेवढंच बोलून तो खाली बसला. कुणीतरी टाळी वाजवली, मग बाकीच्यांनीही वाजवली. मागच्या रांगेत बसलेल्या वायरमनने मात्र हात हलवला नाही.

वायरमन म्हणजे बाईंच्या बहिणीचा मुलगा. घराघरांत वायरिंग करायचा, आणि मंडळात त्याच्यासारखा पाणबुड्या नव्हता. मंडळाचा एक नियम होता. तो कुठे लिहिलेला नव्हता, पण सगळे पाळत आले होते: ज्याचं माणूस अजून पाण्यात आहे, त्याला मंडळात घ्यायचं नाही. बेकरीवाल्याचं नाव निघालं तेव्हाच वायरमनने मावशीला गाठलं होतं.

"मावशी, तो माणूस आपल्या कामासाठी येत नाहीये. तो तिच्यासाठी येतोय."

"मग काय बिघडलं? शोधणारीच माणसं हवीत ना आपल्याला?"

"तो सगळ्यांना नाही शोधणार. एकीलाच शोधेल."

बाई बराच वेळ दोर गुंडाळत राहिल्या. मग म्हणाल्या, "रोज संध्याकाळी तो इथे येऊन शेड झाडून जातो, माहितीये? मी सांगितलेलं नाही. गुपचूप येतो, झाडतो, जातो. त्याला तोंडावर नाही म्हणायचं मला नाही जमत. एकदा म्हणून झालंय."

वायरमनला हे पटलं नाही, पण मावशीपुढे त्याने कधी आवाज चढवला नव्हता.

पुढचे काही आठवडे सरावात गेले. नव्या माणसांना आधी पाण्यात सोडत नसत. काठावर उभं राहून दोर धरायचा, हे पहिलं काम. पाणबुड्याच्या पाठीवर हवेची टाकी आणि कमरेला दोर बांधलेला असतो. खाली अंधार, स्वतःचा हातही दिसत नाही, तो चाचपडत पुढे सरकतो. वर काय चाललंय आणि आपण कुठे आहोत, हे त्याला दोरावरूनच कळतं. एक हिसका म्हणजे ठीक आहे. दोन म्हणजे सैल सोड. हिसक्यामागून हिसके आले तर आपण अडकलोय.

"आणि तेव्हा काय करायचं?" बाई विचारायच्या.

"ओढायचं," कॅशियर म्हणायचा.

"अजिबात नाही! अडकलेल्याला ओढलं तर जिथे अडकलाय तिथे तो आणखी आवळला जातो. हाक मारायची. दुसरा माणूस दोर धरून खाली उतरेल. तुम्ही फक्त धरून ठेवायचं. आणि डोळे कुठे?"

"दोरावर," तिघं एका सुरात म्हणायचे.

बेकरीवाला तिघांत चांगला निघाला. रात्रंदिवस कणीक मळलेल्या हातांना दोराची बारीकशी थरथरही कळायची. खुद्द वायरमननेही एकदा वर आल्यावर त्याला सांगितलं, "काका, तुमच्या हातात दोर असला की बरं वाटतं." बेकरीवाला नुसता मान हलवून पुन्हा पाण्याकडे पाहायला लागला. सराव संपला की बाकीचे चहाला शेडमध्ये जायचे आणि तो वळणापर्यंत एकटाच चालत जायचा. तिथे नदी डावीकडे वळते आणि वाहून आलेलं सगळं, फांद्या, बाटल्या, चिंध्या, बाभळींच्या मुळांना येऊन लटकतं. तो एक काठी घेऊन ते सगळं उलटंपालटं करून बघायचा. कुणी त्याला अडवलं नाही.

मग एके दिवशी दुपारी बोलावणं आलं. कॉलेजमधली एक मुलगी मैत्रिणींबरोबर धरणाच्या भिंतीवरून चालत होती, पाय घसरला आणि पाण्यात गेली. मैत्रिणी ओरडत गावात पळत आल्या. मंडळाची माणसं हातातलं काम टाकून धावली. बसवाली मुलांना सोडून रिकामी बस घेऊनच काठावर आली.

मुलीची आईही आली. ती लाँड्रीत इस्त्रीच्या कामाला होती. अंगावर कामावरचा डगला तसाच, आणि तो वाफेने छातीपर्यंत ओला. बाईंनी तिला एका पालथ्या घातलेल्या खोक्यावर बसवलं. "तुम्ही इथेच बसा. आम्ही बघतो," एवढं सांगून त्या कामाला लागल्या. काम डोंगराएवढं होतं.

दोन पाणबुडे उतरले. एक दातांचे डॉक्टर, ते खालच्या खडकांपाशी. वायरमन मधल्या भागात, जिथे खालचा बंधारा बांधला तेव्हा काठची शेतं बुडाली होती. त्याचा दोर बेकरीवाल्याच्या हातात दिला. बसवालीला बाईंनी थोड्या अंतरावर काठावर उभं केलं. तिला काम एवढंच होतं की कुणी हाक मारली तर ती पुढे पोचवायची.

सुरुवातीला सगळं शिकवल्यासारखं चाललं. दोर हळूहळू पाण्यात सरकत होता. अधूनमधून एक हिसका. बेकरीवाला पाय रोवून उभा होता, नजर दोरावर.

मग त्याची नजर उचलली गेली. का, ते त्यालाही नंतर नीट सांगता आलं नाही. वळणापाशी, बाभळीच्या मुळांत, हिरवं काहीतरी पाण्यावर हलत होतं. गडद हिरवं. साकवावर चढताना तिच्या अंगावर त्याच रंगाची साडी होती. त्या दिवशी पाहिलेल्या चारही जणांनी तो रंग सांगितला होता, आणि त्याला तर तो सांगायची गरजच नव्हती. साडी त्यानेच आणलेली होती.

त्याने दोर शेजारच्या मुळाला दोन वेढे देऊन अडकवला. आत्ता येतो, असं त्याने मनाशी म्हटलं. तो आधी चालत निघाला. मग पळायला लागला.

खाली वायरमन बुडालेल्या शेताच्या कुंपणात शिरला होता. काटेरी तार इतकी वर्षं पाण्यात राहून गंजली होती, पण तुटली नव्हती. त्याचा उजवा हात तारेच्या गुंत्यात गेला आणि सोडवायला गेला तसा आणखी गुरफटला. त्याने दोराला हिसका दिला. पुन्हा दिला. मग देतच राहिला. वर त्या हिसक्यांनी दोर अडकवलेलं मूळ हलत होतं.

ते पाहिलं बसवालीने. दोर ताणतोय, सुटतोय, आणि धरायला कुणीच नाही. ती किंचाळली आणि धावत येऊन तिने दोर धरला. सराव, शिकवण, सगळं त्या क्षणी डोक्यातून उडालं. खाली माणूस गुदमरतोय, एवढंच तिला कळत होतं. सगळं बळ एकवटून ती ओढत सुटली.

"ओढू नको!" बाई लांबून ओरडल्या. "अगं, ओढू नको!"

बाई पोचेपर्यंत दोर एकदम सैल झाला होता. वायरमन वर आला. जिवंत होता. शुद्धीवरही होता. उजव्या हाताला मनगटापासून कोपरापर्यंत तार गुंडाळलेली होती, मांसात रुतलेली, आणि तिच्यामागून कुंपणाचा कुजलेला खांबही उपटून आला होता. बसवाली दोर हातात तसाच धरून खाली बसली आणि "मी ओढलं, मी ओढलं" असं पुटपुटत राहिली.

त्याच गडबडीत खालून डॉक्टरांचा आवाज आला. मुलगी सापडली होती. खडकांच्या फटीत. वेळ कधीच टळून गेली होती.

बेकरीवाला परत आला तेव्हा काठावर दोन घोळके झाले होते. एक वायरमनभोवती, दुसरा त्या मुलीभोवती. मुलीची आई अजून खोक्यावरच बसली होती. तिला उठवायला कुणी गेलंच नव्हतं. बेकरीवाला दोन्ही घोळक्यांच्या मधे उभा राहिला. गुडघ्यापर्यंत चिखल, हात रिकामे.

वायरमनच्या हाताच्या शिरा तुटल्या होत्या. हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनी हात वाचवला, म्हणजे तो खांद्याला राहिला. पण बोटं मिटेनात. वायरमनला पकड धरता येईना, स्क्रू पिळता येईना, शर्टाची बटणंही बायकोने लावून द्यायची. तिशीतला माणूस. आयुष्यभर ज्या हाताने गावाला उजेड दिला, तो हात आता टेबलावर उचलून ठेवावा लागायचा.

मंडळाची बैठक झाली. बसवाली रडत म्हणाली की चूक माझी आहे. बेकरीवाला उभा राहून म्हणाला की नाही, माझी आहे, दोर माझ्या हातात होता. मग बाई उठल्या.

"नियम मी मोडला," त्या म्हणाल्या. "तो का आहे, हे मला तुम्हा सगळ्यांपेक्षा जास्त माहीत होतं. यांना नाही म्हणायला माझी जीभ रेटली नाही. माझ्या भाच्याने मला बजावलं होतं." शेडची किल्ली त्यांनी दातांच्या डॉक्टरांपुढे ठेवली आणि काठी टेकत बाहेर पडल्या. त्यांना काठीची गरज आहे, हे त्या दिवसापर्यंत कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं.

बेकरीवाल्याला कुणी काढलं नाही. तो आपणहून यायचा थांबला. गावानेही त्याला वाळीत टाकलं नाही. लोक सकाळी पाव घ्यायला येत राहिले, नमस्कार करत राहिले, आणि त्याला तेच सोसेना. कुणीतरी तोंडावर शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, असं वाटायचं. गल्ल्यावर त्याने पुतणीला बसवलं आणि तो आत भट्टीपाशीच राहू लागला. नदीचा रस्ता सोडला. वळणाकडे जाणंही सोडलं.

वायरमन एकदाच त्याच्याकडे गेला. दुपारची वेळ होती, दुकानात कुणी नव्हतं. तो सरळ आत गेला. बेकरीवाला ट्रे पुसत होता. त्याला पाहताच त्याचा हात थांबला.

"काका," वायरमन म्हणाला, "भांडायला नाही आलो. एकच विचारायचंय."

"विचार."

"काय होतं ते? वळणापाशी?"

बेकरीवाल्याने ट्रे खाली ठेवला. "ताडपत्री होती. ट्रकवरची. तिचा फाटका तुकडा."

वायरमनने स्वतःच्या निकामी हाताकडे पाहिलं. ती असती, तर निदान हात कशापायी गेला ते तरी सांगता आलं असतं. आता तेही नव्हतं.

"मला वाटलं होतं, ती सापडली असेल आणि तुम्ही कुणाला सांगितलं नसेल," तो म्हणाला.

"नाही रे बाबा."

"माफ केलं असं मी म्हणणार नाही, काका. खोटं बोलल्यासारखं होईल."

"नको म्हणूस."

वायरमन वळला. दाराशी पोचल्यावर त्याला आपोआप पडलेली कडी डाव्या हाताने काढता येईना. बेकरीवाला पुढे झाला, पण मदतीला हात लावायचं धाडस त्याला झालं नाही. वायरमनने खटपट करून ती स्वतःच काढली आणि निघून गेला.

पुढच्या वर्षी पुन्हा शेडमध्ये खुर्च्या मांडल्या. बाई आल्या नाहीत. पाण्यात उतरता येत नसलं तरी वायरमनने मंडळ सोडलं नव्हतं. नव्या माणसांची ओळख आता तो करून देणार होता. त्याला बाईंसारखे विनोद जमत नव्हते. पहिल्या दोघांची ओळख त्याने कशीबशी उरकली. मग तिसरी व्यक्ती समोर आली. लाँड्रीतली ती बाई होती. बुडालेल्या मुलीची आई.

आदल्या आठवड्यात ती त्याच्याकडे आली होती, तेव्हा त्याने तिला परत पाठवायचंच ठरवलं होतं. नियम तिला आडवा येत नव्हता, तिची मुलगी सापडली होती. पण पुन्हा कुणाचं दुःख घेऊन मंडळात शिरणारं माणूस त्याला नको होतं. "तुम्हाला पोहता येतं?" त्याने विचारलं होतं. नाही. "दोर धरता येईल?" पाण्याकडे बघितलं तरी मला घेरी येते, म्हणाली. "मग ताई, तुम्ही येऊन करणार काय?"

तेव्हा तिने जे सांगितलं होतं, तेच आता त्याने तिला सगळ्यांपुढे सांगायला लावलं.

"त्या दिवशी तुम्ही मला खोक्यावर बसवलंत," ती म्हणाली. आवाज हळू होता, पण कापत नव्हता. "तुम्ही सगळे माझ्या मुलीसाठी धावत होतात. माझी कुणाबद्दल तक्रार नाही. पण माझ्याशेजारी कुणीच बसलं नाही. ती सापडली तेही मला कुणी सांगितलं नाही. माणसं गोळा झालेली बघून मीच ओळखलं." ती थांबली. "पाण्यात उतरायला तुमच्याकडे माणसं आहेत. काठावर जो कुणी बसेल, त्याच्याशेजारी मी बसेन. मला तेवढंच येतं."

दातांच्या डॉक्टरांनी चष्मा काढून पुसायला घेतला. बसवाली उठली आणि तिने स्वतःच्या शेजारची खुर्ची पुढे ओढली.

"ह्या आपल्या नवीन सभासद," वायरमन म्हणाला आणि खाली बसला.

बैठक संपल्यावर तिने बसवालीला विचारलं, "काठावर बसलेलं माणूस आत्ता कुणी आहे का हो गावात?" बसवालीला आधी अर्थ लागला नाही. लागला तेव्हा तिने बेकरीचा रस्ता दाखवला.

बेकरीवाल्याने तिला लगेच ओळखलं. त्याने ज्या दिवशी दोर सोडला, तो दिवस तिचाही होता.

"मी मंडळातून आले," ती म्हणाली.

"मंडळाशी माझा काही संबंध नाही आता, ताई."

"असू दे. बसू का थोडा वेळ?"

बसायला काहीच नव्हतं. त्याने पिठाचं एक पोतं सरकवून दिलं आणि भट्टीकडे वळून काम करत राहिला. ती बसून राहिली. त्याला वाटलं, आता ही विचारेल की दोर का सोडला. तिने विचारलं नाही. मग त्याला वाटलं, आता धीर धरा म्हणेल. तेही ती म्हणाली नाही. त्याची बायको सापडलेली नव्हती, आणि आता सापडणार नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं.

अखेर त्यानेच पाठमोरं राहून विचारलं, "कशी होती तुमची मुलगी?"

इतक्या दिवसांत हे तिला कुणी विचारलं नव्हतं. सगळे ती कशी गेली तेवढंच विचारायचे.

"भांडखोर," ती म्हणाली. "सकाळी उठल्यापासून तोंडाचा पट्टा सुरू. त्या दिवशीही माझ्याशी भांडूनच गेली. माझी चप्पल घालून."

"आमचीही तशीच," बेकरीवाला म्हणाला. "मी पाव काढायला उशीर केला की..."

आतले पाव कडेने करपायला लागले होते, वास सुटला होता. त्याने डोळे बाहीला पुसले, भट्टीचं दार उघडलं आणि लांब फावडं आत घातलं.

"सांगा तुम्ही," तो म्हणाला. "मी ऐकतोय."